यशोदाबाईंनी दिलेलं बी

असोद्याच्या यशोदाबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. ओळखीच्या दूधवाल्याचं मापही त्या दोनदा बघायच्या. त्यात भरताच्या वांग्याचं बी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासूनं दिलेलं, राखेत घोळवून बरणीत जपलेलं. ते सुनेलाच द्यायचं, लेकीलासुद्धा नाही, अशी घरची रीत. मागे एका गोडबोल्यानं मूठभर नेलं आणि पुढच्या वर्षी तेच पाकिटात बाजारात आलं, असं त्यांचं ठाम मत होतं. खरंखोटं देव जाणे.

अशा घरी विद्यापीठातली रूपल स्कूटीवरून येऊन उभी राहिली.

"काय शिकते वं?"

"अर्थशास्त्र, भाषा, संवर्धन आणि लोककला. चारही एकत्र आहेत, अक्का."

एक धड शिकायची मारामार आणि ही चार शिकते म्हणे! यशोदाबाईंना तिथंच पाणी मुरताना दिसलं. पोरीनं वांग्यांचा भाव विचारला, देठाला काय म्हणता ते लिहून घेतलं, निंदताना म्हणायचं गाणं मोबाइलवर घेतलं आणि शेवटी हळूच बी मागितलं. विद्यापीठाच्या वाफ्यात लावायचं होतं.

"बाप काय करतो तुझा?"

"पपांचं जळगावला बियाण्याचं दुकान आहे."

झालं! आता आणखी काय पुरावा हवा? पण दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणणं यशोदाबाईंच्या जिवावर येई. त्यांनी माळ्यावरची डबी काढली. सात वर्षांपूर्वीचं, कीड लागलेलं बी पुडीत बांधलं आणि वर चहाही पाजला. पोरगी वाकून पाया पडली. कशी गोड वागते बघा, असं म्हणत त्या दिवसभर धुसफुसत राहिल्या.

महिन्याभरानं रूपल आपल्या परीक्षेच्या दिवशी त्यांना विद्यापीठात घेऊन गेली. बी कुठं विकलं ते तरी कळेल, म्हणून यशोदाबाई गेल्या. सहा वाफे होते. पाचांत इतर शेतकऱ्यांच्या बियांची हिरवी रोपं. सहाव्यात नुसती ओली माती आणि पाटी, 'यशोदाबाई, असोदा.'

सर वहीत शेरा लिहीत होते. रूपल खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकलं, सर. पाणी जास्त झालं असेल. अक्कांचं बी खराब नसणार."

आपल्याकडून कबूल करून घ्यायला तर ही असं बोलत नाही ना, असंही यशोदाबाईंच्या मनात येऊन गेलं. मग पोरीच्या नखांतली माती दिसली आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"पोरीचं काही चुकलं नाही, सर," त्या म्हणाल्या. "बी मेलेलं व्हतं. मले माहीत व्हतं."

सरांनी शेरा खोडला. रूपल यशोदाबाईंकडे वळली.

"अक्का, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी रागावले नसते," ती म्हणाली. "मी रोज सकाळी येऊन बघायचे, उगवलं का म्हणून."