निळ्या ड्रमचा बोगदा
तळोज्याच्या रस्त्यावर भंगारवाल्याकडे निळे ड्रम दिसले की मला अजून हसू येतं. तळ कापलेले असेच दोन ड्रम जोडून आम्ही सोसायटीमागे आमच्या धिप्पाड, सुस्त कुत्र्यासाठी बोगदा केला होता. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत होती, आणि हा पठ्ठ्या आत शिरून सावलीत चक्क घोरायचा. शेवटी साताऱ्याचे आमचे वडीलच पायजमा खोचून रांगत आत गेले. “चल रं गड्या, मी हाय की म्होरं!” तो शेपटी हलवत मागोमाग बाहेर आला. शर्यतीत मात्र बोगद्यापाशी बसून तो गर्दीत त्यांनाच शोधू लागला. वडील इस्त्रीच्या पँटीत धावत आले आणि बोगद्यातून रांगले; माणसाने आत जायचं नसल्यानं आम्ही बाद झालो, पण मैदान टाळ्यांनी दणाणलं. आता वडिलांचे गुडघे दुखतात. जिन्यात ते टेकले, की चार पायऱ्या म्होरं तोही निवांत बसतो. त्याला कधीच घाई नव्हती.