गिरणेचा खचता काठ

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, बाळंतपणासाठी माहेरी आणायला मी मुराळी म्हणून निघालो. नाशिकहून भडगावपर्यंत एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, उरलीसुरली पुढच्या बैलगाडीनं.

तिचं सासर गिरणेच्या काठावर. नदी पार खाली, बारीकशी. काठ मात्र उभाच्या उभा तुटलेला. वर काळी माती, खाली पिवळी. कडेच्या बाभळी झाडून साऱ्या नदीकडे कललेल्या. भाऊजी म्हणाले, पावसाळ्यात नदी काठाचा पाय खाते. मग पाणी ओसरल्यावर वरची माती आपल्याच वजनानं केव्हाही खाली येते. केव्हाही म्हणजे केव्हा, विचारलं तर नुसते हसले. मला काही हसू आलं नाही.

कारण परसात, सुमनच्या खोलीपासून चार पावलांवर, हात जाईल एवढी भेग होती. तिचे सासरे नाना रोज सकाळी ती शेणमातीनं लिंपत. दुपारपर्यंत लिंपण उकलायचं. शेजारपाजार केव्हाच वरच्या माळावर राहायला गेला होता.

जेवायला भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. मी आडवा हात मारला. घर हलवायचा विषय काढला, तर नाना म्हणाले, "मनं बठ्ठं आठेच शे" (माझं सगळं इथंच आहे). त्यांच्या बायकोनं याच घरात डोळे मिटले होते.

संध्याकाळी परसाचं कुंपण धप्पकन खाली गेलं. ना पाऊस, ना वारा. सकाळी बघतो तर नाना पुन्हा भेग लिंपतायत!

निघायची वेळ झाली तरी सुमनची पिशवी रिकामीच. मी तडकलो. नाना ओट्यावर येऊन बसले होते; त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दादा, मी गेले की नाना भेगच लिंपत बसतील. मी याच खोलीत बाळंत होणार."

वेडी आहेस का, म्हणून मी ओरडलो. तिनं रिकामी पिशवी परत खुंटीला अडकवली.

नाना उठले आणि पहार घेऊन आले. ती त्यांनी थेट दाराच्या चौकटीखाली घातली. भाऊजी धावले, तर त्यांना बाजूला केलं. माळावरच्या नव्या घराला लावायला चौकट सुटली, तेव्हा सुमनकडे न बघता म्हणाले, "आते जाय, बेटा" (आता जा).

अख्खा काठ खाली ओढणाऱ्या वजनानं नाना हलले नव्हते. परतीच्या एस.टी.त मी सुमनला विचारलं, त्यांनी ऐकलं नसतं तर?

"तर राहिले असते," ती म्हणाली.

खरंच राहिली असती.