लिंबांवरून ढकललेली गाडी

गेल्या दसऱ्याविषयी आमच्या नातेवाइकांत एक हकिकत सांगितली जाते. ऐन पूजेच्या वेळी म्हातारा बिथरला, रागाच्या भरात जुनी गाडी घेऊन पळाला, बायकोला बळेच शेजारी बसवले, दिंडोरीच्या पुढे गाडी बंद पाडली आणि परतताना फाटकाच्या खांबावर घासून एका अमोल वस्तूची नासाडी केली. म्हातारा म्हणजे मी. या हकिकतीतला दसरा खरा, दिंडोरी खरी आणि फाटकाचा खांबही खरा. उरलेले सगळे खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही जण गाडीत नव्हता. मी होतो.

गाडी कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नाव ऐकले की समोरचा लगेच तिचा आजचा भाव सांगू लागतो आणि मूळ बोलणे राहून जाते. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट बाकासारखी सलग, एवढे सांगितले तरी माझ्या वयाच्या लोकांना ती डोळ्यांपुढे दिसेल. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना देवळाली कॅम्पातल्या एका बदली झालेल्या लष्करी अधिकाऱ्याकडून मी ती घेतली. हे सांगायचे कारण असे, की तिच्याशेजारी लावण्यासाठी आमच्या चिरंजीवांनी जी पाटी करून घेतली, तिच्यावर ‘एकाच मालकाने जिवापाड जपलेली निष्कलंक गाडी’ असे शब्द होते. मी दुसरा मालक. आणि आम्ही ती जपली, हा तर शुद्ध अपप्रचार आहे. आम्ही ती वापरली.

‘आम्ही’ हा शब्दही सौजन्याचा झाला. गाडी कागदावर माझी होती, रस्त्यावर माझ्या पत्नीची. ती तेव्हा सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिक्षिका होती. जीपगाड्यांच्या मागच्या पायरीवर लोंबकळत घाट चढायचा नाही, असे तिने ठरवले आणि कॅम्पातल्या झाडांखालच्या रिकाम्या रस्त्यांवर गाडी शिकली. पहिले दोन रविवार मी शिकवले. तिसऱ्या रविवारी तिने मला सांगितले, “अहो, तुम्ही बसा, पण बोलू नका.” त्यानंतरची कित्येक वर्षे सोमवारी पहाटे ती गाडी घेऊन निघे आणि शनिवारी तांदूळ, नागली, कधी पाय बांधलेली कोंबडी अशा ऐवजासह परत येई. टपावरच्या कॅरिअरवरून शाळेची बाके गेली, आजारी मुले मागच्या सीटवर निजून दवाखान्यात आली. सुट्टीत आमचा मुलगाही बरोबर जाई आणि प्रत्येक वळणावर ओकाऱ्या काढी. तोच आता या गाडीच्या वारशावर चारचौघांत बोलतो.

तिथल्या आठवडे बाजारात एकदा बुजलेल्या बैलाने उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर शिंग मारले. पत्रा चांगला खोल आत गेला. मी ठोकून घेऊ म्हणालो, तर ती म्हणाली, “राहू द्या. यावरून मुलं लांबूनच ओळखतात.” तो पोचा मग तसाच राहिला.

तीन वर्षांपूर्वी माझे हृदयाचे ऑपरेशन झाले. मी दवाखान्यात असताना मुलाने गाडी नेली आणि मी बरा होऊन आलो तेव्हा मला जणू भेट म्हणून दाखवली. आमची गाडी हिरवी होती, उन्हाने विटलेली. आता ती जांभळट लाल झाली होती. कारखान्यातून निघाली तेव्हा म्हणे तिचा रंग हाच होता, हिरवा त्या अधिकाऱ्याने नंतर दिलेला. कॅरिअर गेले होते. पोचा गेला होता. नागलीच्या पोत्यांचा वास धुऊन काढला होता आणि सीटवर प्लॅस्टिक चढवले होते. मी म्हणालो, “ही कुणाची?”

“बाबा, आपलीच! पण आता ही वापरायची गाडी नाही. हा वारसा आहे.”

“वारसा मी गेल्यावर. अजून मी सकाळचा चहा माझ्या हाताने पितोय.”

यावर सगळे हसले. माझ्या म्हणण्याला उत्तर नसले की आमच्या घरात हसण्याची पद्धत आहे. पत्नी मात्र हसली नाही आणि बोललीही नाही, म्हणून तिची संमती गृहीत धरण्यात आली.

नंतर गाडी आच्छादनाखाली गेली, बॅटरीची वायर काढून ठेवलेली. मुलगा दर रविवारी मऊ फडक्याने ती पुशी. याला तो काळजी म्हणतो. ज्याने आयुष्यभर यंत्रांत काम केले, त्याला विचारा. उभ्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो, रबरी नळ्या वाळून तडकतात. बाहेरून लकाकणारी आणि आतून सुकत चाललेली वस्तू हौसेने पुसत बसायचे आणि चालवणाऱ्याला उधळ्या म्हणायचे, हा न्याय मला मान्य नाही.

मग गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टसाठी गाडी ठरली. मालक मुलाच्या ओळखीचा. स्वागतकक्षाशेजारी काचेची खोली, आत दिवे, गाडी आणि ती पाटी. मला विचारले गेले नाही, कळवले गेले. आणि मुहूर्त धरला दसऱ्याचा.

आता ‘रागाच्या भरात’ या शब्दांविषयी. रागाच्या भरात कुणी आठवडाभर आधी मेकॅनिक बोलावत नाही. मी बोलावला. बॅटरी जोडून घेतली, टाकी धुऊन घेतली, ब्रेक करून घेतले. मुलगा तेव्हा कामावर असे. मेकॅनिकला चहा द्यायला आलेली पत्नी त्याला एवढेच म्हणाली, “क्लच जरा खाली घ्या. फार वर लागतोय.” तिला ते कसे कळले, हे मी विचारायला हवे होते.

दसऱ्याच्या सकाळी गाडी अंगणात आणली, म्हणजे ढकलून आणली. झेंडूचा हार घातला, आपट्याची पाने वायपरखाली खोचली, चारही चाकांखाली लिंबे ठेवली. फाटकाबाहेर रिसॉर्टची लॉरी पट्टे सोडून उभी होती. मग मुलाने आणि रिसॉर्टच्या मॅनेजरने मागून खांदा लावला आणि गाडी लिंबांवरून हातांनी ढकलली. लिंबे फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात बरेच काही पाहिले आहे, पण वाहनाची पूजा करून त्याला प्रेतासारखे हलवलेले त्या दिवशी प्रथम पाहिले.

“अरे, चाक आपल्या जोरावर लिंबावरून जायला हवं. इंजिन चालू करा.”

“बाबा, नको. इंजिनही पॉलिश केलंय, काळं पडेल.”

मॅनेजर म्हणाला, “काका, फोटोत सेमच दिसतं.”

“आणि सीमोल्लंघन? चारही चाकं बांधून, लॉरीच्या पाठीवर बसून?”

“सेफ्टीसाठी, काका.”

तेवढ्यात पत्नीने ओवाळणीचे तबक थेट बॉनेटवर ठेवले. मुलगा ओरडला, “आई, ओरखडा पडेल!” तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. माझ्यापुढे हात केला. “किल्ली द्या. आणि तिकडून बसा.”

म्हणजे बळेच बसवला गेलेला मी होतो. माझा परवाना त्याआधीच संपला होता, तिने आपला वेळच्या वेळी नवा करून घेतला होता. ही गोष्टही सांगताना कुणाला आठवत नाही. तिने सीटवरचे प्लॅस्टिक एका झटक्यात फाडले, चोक ओढला आणि गाडीने दोनदा खोकून तिसऱ्यांदा आवाज दिला. तबक मॅनेजरच्या हाती देऊन आम्ही निघालो. लॉरीला वळसा घालताना ती म्हणाली, “गुडघा दुखतोय, पण क्लच बरा केलाय हो त्याने.”

दिंडोरी मागे पडली आणि बॉनेटमधून वाफ आली. पाण्याची एक रबरी नळी फाटली होती. गाडी चालवली म्हणून बंद पडली, असे जे सांगतात त्यांनी ही नळी येऊन पाहावी. मी ती जपून ठेवली आहे. तीन वर्षे न चालल्याने ती पापडासारखी झाली आहे. मी तिच्यावर पट्टी गुंडाळत असताना सुरगाण्याकडे निघालेली एक खचाखच भरलेली जीप थांबली. चालकाचे केस पिकू लागलेले. तो उडी मारून उतरला आणि पत्नीच्या पाया पडला.

“बाई! वळखलं का? चौथीला होतो तुमच्याकडं. तुमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलतं मला, साप चावला तवा.”

तिने ओळखले. नावासकट, बापाच्या नावासकट. त्याने आम्हाला कॅनमधले पाणी दिले, माझ्या पट्टीवर आणखी एक आवळून बांधली आणि हात पुसत गाडीकडे बघून म्हणाला, “भारी हाय ही, बाई. पण तुमची ती गाडी? शिंग लागल्याली? इकली काय?”

तो त्याच गाडीला टेकून उभा होता.

पत्नी म्हणाली, “नाही रे. घरी आहे.”

जीप गेली. नंतर परतीच्या वाटेवर ती काहीच बोलली नाही आणि मीही गप्प बसलो. ते मला तिसऱ्या रविवारपासून जमते.

फाटकाशी मुलगा, मॅनेजर आणि शेजारपाजारचे उभेच होते. गाडी आत वळताना उजवे मडगार्ड खांबाला लागले. पत्रा कण्हल्यासारखा आवाज झाला आणि चांगला तळहाताएवढा आत गेला. मुलाने डोके धरले. मॅनेजर वाकून बघत राहिला, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या ‘निष्कलंक’ पाटीकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला की सरांशी बोलून कळवतो. लॉरी पट्टे आवळून रिकामी गेली. अजून कळवलेले नाही. गाडी आता रोज भाजीला जाते.

गाडी कोण चालवत होते, हे कुणी खोदून विचारलेच, तर आईचा हात चुकला, वय झाले, असे मुलगा हळहळून सांगतो. ऐकणारेही माना डोलावतात. या बाईने धुक्यात, चिखलात, दोन्ही बाजूंना पोरे लोंबकळत असताना त्या घाटातून गाडी उतरवली आहे. याच फाटकातून ती अंधारात गाडी काढत असे आणि या खांबाला तिने आजवर कधी रंगाचा ठिपकाही लावला नव्हता. हात चुकला म्हणणाऱ्यांनी, तो नेमका त्याच मडगार्डावर, त्याच जागी कसा चुकला, तेवढे मला समजावून सांगावे.

मी स्वतः तिला काही विचारलेले नाही. त्या दिवशी ती उतरली, पोच्यावरून एकदा बोट फिरवले आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकत म्हणाली, “आता ओळखेल तो.”