वहिनीच्या मापाचा ओटा

आमच्या वहिनीला भिंतीत खिळा मारायची परवानगी नव्हती. ऐकायला गंमत वाटते ना? मलाही वाटायची. पण लग्नानंतर सहा घरं बदललेल्या बाईला विचारा, खिळा म्हणजे काय चीज असते ते.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फरशी बसवणारा मिस्त्री. हात मिस्त्रीचे, पण डोकं पक्क्या दलालाचं. कुणी ढुंकून बघणार नाही असलं घर तो हुडकून काढायचा. वरच्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं, ओल आलेलं, नाहीतर भावाभावांच्या भांडणात वर्षानुवर्षं कुलूपबंद पडलेलं. वकिलाकडून कागद तपासून घ्यायचा, छत स्वतः ठोकून बघायचा आणि पडेल भावात उचलायचा. मग वहिनी आणि लेकीला घेऊन तिथल्या धुळीत राहायला जायचा. दिवसा लोकांच्या फरश्या, संध्याकाळी स्वतःच्या. वर्ष-दीड वर्षात घराचं सोनं व्हायचं, आणि सोनं झालं की ते विकायचं. आलेल्या पैशातून पुढचं, जरा मोठं. पगारदार माणसाला जन्मात जमणार नाही ते दादानं अशा उड्या मारून जमवलं, हे मी मान्य करते. पण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते इथे वहिनीच्या पाठीवर होतं.

"घर आपल्यासाठी करायचं नसतं, गिऱ्हाइकासाठी करायचं असतं," हा त्याचा मंत्र. भिंती पांढऱ्या, कारण पांढरा कुणाला नावडत नाही. खिळा नाही, कारण भोक दिसतं. वहिनीला एक पिवळी भिंत हवी होती, फक्त एक. "पुढच्या घरात करू," दादा म्हणायचा. पुढच्या घरात, पुढच्या घरात! मी असते तर पहिल्याच घरात त्याच्या डोक्यावर रंगाचा डबा ओतला असता.

वहिनी उंचीला एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून आम्ही तिला लवंगी म्हणतो. सगळीकडचे ओटे तिच्या छातीला लागायचे. ती पाटावर उभी राहून घरचा स्वयंपाक करायची, वर नोकरदारांचे डबेही करून द्यायची. सहाव्या घरात गेली तेव्हा तिचा खांदा असा धरला होता की केस विंचरायलाही हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हात सतत उचलून काम केल्याचं हे फळ.

त्या घराचा ओटा बांधायचा दिवस मला चांगला आठवतो. मी चहा घेऊन गेले होते. दादानं खिशातली टेप काढलीच नाही. वहिनीला जवळ बोलावलं, "सरळ उभी राहा गं," म्हणाला, आणि भिंतीवर तिच्या कोपराच्या जरा खाली पेन्सिलीनं रेघ ओढली. बस. ना प्रेमाचा शब्द, ना काही. माझा भाऊ म्हणजे अगदी दगड हो! पण वहिनी त्या रेघेकडे बघत राहिली, आणि चहा निवून पाणी झाला तरी कुणी प्यायला नाही.

ओटा तयार झाला आणि वहिनीनं पाट माळ्यावर टाकला. महिन्याभरात खांदा सुटला. तिनं दादाला न विचारता हॉलमध्ये एक खिळा मारला, लेकीचा फोटो लावला, आणि दादानं बघून न बघितल्यासारखं केलं. "वन्सं," एकदा ती मला म्हणाली, "इतकी घरं झाली, पण मी जेवढी आहे तेवढं मला पहिल्यांदा कुणीतरी धरलंय."

मग घर विकायला काढलं, आणि ते विकेचना!

ऊन भरपूर, पाणी चोवीस तास, कागद आरशासारखे स्वच्छ. पण आलेली प्रत्येक बाई ओट्यापाशी जायची, वाकायची, आणि कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघायची. संपलं! वहिनीही काही कमी नव्हती. गिऱ्हाईक दारात आलं की, "या या, आधी स्वयंपाकघर बघा," म्हणून थेट ओट्याशीच नेऊन उभं करायची. वर साळसूदपणे सुरी हातात द्यायची, "बघा ना, लिंबू चिरून बघा." मी पदर तोंडाला लावून हसायचे. इतका आनंदी काळ मी त्या घरात दुसरा बघितला नाही.

दादाची मात्र झोप उडाली होती. त्यानं पुढच्या घराचा इसार देऊन ठेवला होता, आणि हे विकलं गेल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. मुदत टळली असती तर इसार बुडाला असता. "पैसा विटेत अडकला की विटेसारखाच होतो," तो म्हणायचा, "मोडून खाताही येत नाही." दलालानं उपाय सांगितला. वरचा दगड काढा, खाली विटांचा थर घाला, दगड परत बसवा. दिवसभराचं काम. दादा हो म्हणाला आणि छिन्नी-हातोडा आणून कोपऱ्यात ठेवला. तो तसाच पडून राहिला. जन्मभर लोकांचे ओटे फोडलेला माणूस, पण ह्या ओट्याला त्याचा हात लागेना.

शेवटी एका सकाळी वहिनीनं ओटा रिकामा केला. डबे, बरण्या, शेगडी, सगळं खाली मांडलं, कोरड्या फडक्यानं दगड पुसला, आणि म्हणाली, "उचला आता. मी आणि वन्सं बाजारात जाऊन येतो."

बाजारात तिनं काहीही घेतलं नाही. एका दुकानात बराच वेळ रंगांचा तक्ता बघत बसली. दुकानदारानं विचारलं, कुठल्या खोलीसाठी हवाय? ती म्हणाली, "अजून खोली नाही." मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. परतलो तेव्हा ओटा वर गेला होता. दादा जिन्यात बसला होता, आमच्याकडे न बघता.

घर लगेच गेलं, तेही चांगल्या भावात. दलालानं पेढे वाटले.

सातवं घर खूपच छान आहे. दोन बाल्कन्या, मोठी खिडकी. स्वयंपाकघर झालं असं कळलं तशी मी चप्पल काढून तडक आत गेले. ओटा चारचौघींसारखा, उंच. वहिनी पाटावर उभी राहून कणीक मळत होती.

माझं टाळकं सटकलं. "अरे दादा, बायकोचं माप विसरलास?"

तो दारात उभा होता. "विसरलो नाही," म्हणाला. "लक्षात होतं, म्हणूनच टेप लावली." आणि खाली मान घालून बाहेर गेला.

"त्यांना ओरडू नका हो वन्सं," वहिनी म्हणाली. तिचे हात कणकेतच होते. "बरोबरच केलंय त्यांनी. मलाच उगीच वाटलं होतं, ह्या वेळीही चुकतील."