मुळांची सफाई

क्लिनिकमधल्या पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाच्या केसांची मुळं इतकी स्वच्छ केली, की ती जगतील की नाही याचीच पंचाईत झाली.

त्याआधी बरीच वर्षं मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पार्टच्या कडेची खरखर काढत होतो. बोटाला जरा काही लागलं, की पार्ट परत. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा हात थरथरत नाही एवढ्या भांडवलावर सांगवीतल्या हेअर ट्रान्सप्लांटच्या क्लिनिकमध्ये चिकटलो. काम शिकवलं होतं. डॉक्टर डोक्याच्या मागून केस मुळासकट काढतात. आपण मायक्रोस्कोपखाली जादा कातडी छाटून ते गार सलाईनमध्ये ठेवायचे. मुळाभोवतीची पांढुरकी चरबी मात्र थोडी राहू द्यायची, नाहीतर मूळ सुकतं. ती दिसली, की माझ्या हाताला खाज सुटायची.

शेजारच्या मायक्रोस्कोपवरच्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण या कामात मुरलेल्या. त्यांनी माझ्या डिशमध्ये डोकावून पाहिलं.

"अहो काका, लसूण सोलताय का?"

"स्वच्छ केलीत," मी छाती फुगवून म्हणालो.

"नागवी केलीत! ही नाही धरली तर दुसरी आणणार कुठून? मागे केस उरलेत किती त्याच्या?"

टेबलावर पालथा पडलेला चऱ्होलीचा तरुण जागाच होता. बधिर केलं होतं ते डोकं, कान नव्हे.

"काय झालं वो? मुली बघायला चाललोय मी. टोपी घालून किती दिवस जायचं?"

डॉक्टरांनी त्याला खरं ते सांगितलं. ताईंनी छाटलेली मुळं पुढं कपाळावर बसवली, माझी मागं टाळूवर. धरतील किंवा नाही धरणार. उरलेला दिवस मी सलाईन बदलण्यापलीकडे कशाला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी गडी पेढे घेऊन आला. लग्न ठरलं होतं. कपाळावर चांगली दाट झुलपं. मी खुशीत पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात त्यानं डोकं माझ्यापुढे वाकवलं. टाळूवर इकडे एक, तिकडे एक केस उभा.

"बघा काका. पुढं ताईंनी बागायत केलीय. मागचा प्लॉट तुमी पार एनए करून टाकलाय."