क्षिप्रेच्या पाण्यावर नाकारलेला पत्ता

क्षिप्रेकाठच्या राम घाटावरच्या एका गुरुजींची चौकशी मी पोलिसातून निवृत्त झाल्यावरही विसरलेलो नाही. शहरातल्या फ्रीगंज भागातल्या आमच्या खबऱ्याने टीप दिली, की हे गुरुजी बोगस संकेतस्थळावरून पूजेचं बुकिंग घेतात. यजमानांच्या मोबाइलवर फिरणारा वेबपत्ताच त्याने दाखवला. सुरुवातीला एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे रोमन अक्षरांची नुसती खिचडी. उघडलं, तर गुरुजींचाच फोटो!

त्यांना ठाण्यात बोलावलं. पिढ्यानपिढ्या घाटावर बसणारं मराठी घराणं. पत्ता पाहताच ते भडकले. "साहेब, माझा पत्ता शुद्ध देवनागरीत आहे. हा अंग्रेजी कचरा माझा नाही!" एवढ्यावर न थांबता त्यांनी तांब्यातलं क्षिप्रेचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ वाहिली.

हवालदार कानाशी लागला, "सर, फोटो इनकी, और ना भी यही कह रहे हैं. लॉकअप में डाल दें?"

शपथेवर पोलिसांचं काम चालत नाही. पण चोर आधी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतो. हे गृहस्थ कुणाकडेच बोट दाखवत नव्हते. गुन्हा नोंदवला असता, तर घाटावरची त्यांची इभ्रत कायमची गेली असती. मी म्हटलं, "गुरुजी, तुमचा पत्ता तुम्हीच टाका."

त्यांनी देवनागरीत टाकला. तेच पान उघडलं. मी तो पत्ता कॉपी करून स्वतःच्या मोबाइलवर पाठवला, तर पोचली तीच खिचडी, अक्षर न् अक्षर!

सायबर शाखेने उलगडा केला. इंटरनेटची जुनी यंत्रणा नावांसाठी रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच जाणते. म्हणून ब्राउझर देवनागरी नाव अशा सांकेतिक रूपात बदलून पुढे पाठवतो. पाळण्यातलं नाव एक, हाक मारायचं दुसरं, माणूस तोच. यजमानांना फोन केले; पूजाही ठरल्याप्रमाणे झाल्या होत्या.

आम्ही हसलो, गुरुजी मात्र पांढरेफटक पडले. "साहेब, क्षिप्रेचं पाणी हातात घेऊन मी झूठ बोललो."

"अजाणता बोललात, ते खोटं नव्हे," मी समजावलं. ऐकतात कुठले!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेशात राम घाटावर जाऊन, गुरुजी निर्दोष असल्याचं सर्वांसमोर सांगितलं. तेवढ्यात ते स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरले, ओंजळ भरली आणि मंत्र म्हणावा तशा खणखणीत आवाजात तो रोमन खिचडीचा अख्खा पत्ता म्हटला. शेवटी म्हणाले, "हा पण माझाच!"

नाकारणारा प्रत्येक जण खोटारडा नसतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. नोकरीत मी सॅल्यूट पुष्कळ घेतले. त्या सकाळी पाण्यात उभ्या असलेल्या त्या माणसाला मी आपणहून कडक सॅल्यूट ठोकला, आणि माझाच ऊर अभिमानाने भरून आला.