पस्तीस मिनिटांची शाळा

“फर्स्ट सिट, मॅडम. देन स्कूल.”

शाळा बघायला आलेले परदेशी पालक फाटकाबाहेर पडले की मामा खांद्यावरचा पंचा काढायचे, बसची पुढची डावीकडची सीट दोनदा झटकायचे आणि हे वाक्य म्हणायचे. त्यांचं इंग्रजी तिथे संपायचं. पालक गोंधळून माझ्याकडे बघायचे. मग मामा मला सांगायचे, “सांग रे तेंका. आधी बसान बघा म्हणा, मगे फॉर्म भरा.”

मामा आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर. त्यांचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीपलीकडे. तरुणपणी डिचोलीला आले आणि वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर ट्रक दारात गंजला आणि ते या बसवर आले. बसमधली सगळी मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. सगळे ज्याविषयी गप्प असतात ते तो सहज बोलून जातो. तेव्हा आपण हसतो. नंतर त्याचं काय होतं ते बघायला आपण थांबत नाही. मी थांबलो नाही.

आमची शाळा धारगळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर. नावात ‘इंटरनॅशनल’. मुलं मात्र समुद्राकडची, मांद्रे, मोरजी, हरमल इथल्या भाड्याच्या घरांतली. त्यांचे आईबाप दोन-तीन वर्षांसाठी गोव्यात आलेले. कुणी संगणकावर काम करणारे, कुणी हॉटेल चालवणारे. शाळा निवडायला ते प्रश्नांची यादी घेऊन येत. इथला दाखला आमच्या देशात चालेल का? मधेच दुबईला जावं लागलं तर वर्ष वाया जाईल का? जेवण किती तिखट असतं? पोहण्याचा तलाव किती खोल आहे? बसचा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही उठता उठता.

“शाळा सहा तास, गाडी तीन तास,” मामा म्हणत. “आणि ही माणसां तळ्याची खोली इचारतत!”

प्रश्नांची उत्तरं देण्याचं काम माझं. मी नार्व्याचा. वडील नदीकाठच्या शेतात आणि उरलेले दिवस खाणीवर. घरात पदवी घेणारा पहिला मी. साखळीच्या मराठी शाळेत शिकलो, कॉलेजात बसच्या पासवर गेलो. ही नोकरी मला कुणाच्या ओळखीशिवाय मिळाली होती. शाळेच्या संचालकांनी, त्यांना आम्ही सर म्हणायचो, मुलाखतीत माझ्या तुटक इंग्रजीकडे दुर्लक्ष केलं आणि म्हणाले, “मला प्रामाणिक मुलगा हवा आहे.” घरी आल्यावर आईने देवाजवळ साखर ठेवली. मी सरांचा इतका ऋणी होतो, की ते खोलीत आले की माझी खुर्ची आपोआप मागे सरकायची.

मामा मला ‘बीकॉम’ म्हणत. “काय रे बीकॉम, आज किती गिऱ्हाईकां?” मी चिडायचो. म्हणायचो, “मामा, पालक म्हणा.” ते म्हणायचे, “बरां, पालक. किती पालक गावले?”

परदेशी लोकांचे पत्ते हा एक स्वतंत्र विषय होता. ते मोबाइलवर नकाशातली खूण पाठवत. नकाशा मामांना निरुपयोगी. त्यांच्या डोक्यात ‘फणसाकडचं घर’, ‘वाकड्या क्रुसाकडचं घर’, ‘कुत्रो भुंकता तां घर’ अशी यादी होती. दर हंगामात कुटुंबं घरं बदलत, यादीही बदले. पण एकही मूल चुकीच्या दारात उतरलं नाही. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून घेतलेला गरम उंडा ते स्टिअरिंगजवळ ठेवत आणि सगळी मुलं शाळेत उतरल्यावरच खात. वळणावर मळमळणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याकडे सोलं असत, म्हणजे घरी वाळवलेली आमसुलं. एका बाईंनी ती काळी वस्तू कागदात गुंडाळून तक्रार म्हणून ऑफिसात आणली. आठवडाभराने त्याच बाई ती कुठल्या दुकानात मिळते ते विचारायला आल्या.

ते गाडी सावकाश चालवत. फार सावकाश. कारण मी एकदा विचारलं. खनिजाच्या ट्रकला खेपेवर पैसे मिळत, म्हणून सगळे ड्रायव्हर ट्रक पळवत. मामा म्हणाले, “एक खेप वाढवूक म्हणान शाळेच्या पोरांका हॉर्न मारून गटारात उतरवलंय मी. लाल धुळयेन न्हावन निघायची पोरां.”

मी म्हटलं, “साखळीच्या रस्त्यावर?”

“होय.”

“मी त्याच रस्त्याने शाळेत चालत जायचो, मामा.”

ते म्हणाले, “म्हणजे त्यात तू पण आसतलंस!” आणि त्यांनी पंच्याने माझा खांदा झटकला, जणू ती धूळ अजून तिथेच होती.

आता चूक सांगतो. ती माझी आहे.

सरांना माहितीपत्रक छापायचं होतं. पालकांना गाडीचा वेळ लिहून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा चवथीचे, म्हणजे गणपतीचे दिवस होते आणि मामा गावी गेले होते. सर बाहेरच्या राज्यातले, त्यांना चवथ म्हणजे एक दिवसाची सुट्टी. म्हणाले, “परवा छपाईला द्यायचं आहे.” मी उत्साही. दुसऱ्या दिवशी सकाळची आरती केली, शाळेची छोटी गाडी काढली आणि हरमलच्या टोकापासून शाळेपर्यंत घड्याळ लावून आलो. रस्त्यावर माणूस नव्हता. दुकानं बंद, हमरस्त्याच्या रुंदीकरणाची यंत्रं बंद, बाजार नाही, टुरिस्ट नाही. अख्खा पेडणे तालुका आपापल्या गणपतीपुढे बसला होता. मी मधे कुठे थांबलो नाही, कारण घ्यायला मुलं नव्हती. पस्तीस मिनिटं लागली. मी ती आनंदाने लिहून दिली.

माहितीपत्रकावर निळ्या अक्षरांत आलं: ‘समुद्रकिनाऱ्यापासून फक्त पस्तीस मिनिटांवर.’

मामा परत आले, त्यांनी ते इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतलं आणि पोट धरून हसले. “चवथीक रस्तो मोजलंस? अरे, चवथीक गोंयात कुत्रो तरी रस्त्यार येता काय? बीकॉमा, बीकॉमा!”

मग हसणं थांबवून म्हणाले, “पयल्या पोराक एक तास पंचवीस मिनिटां लागतत. ह्यां बदलून घे.”

मी सरांकडे गेलो. चूक कबूल केली. सर रागावले नाहीत. त्यांनी माहितीपत्रक उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, “छान छापलंय. एकदा प्रवेश घेतला की लोकांना सवय होते.” मी “हो सर” म्हटलं. त्या ‘हो सर’चा मला आजही संताप येतो. सहा-सात वर्षांची मुलं दिवसाचे तीन तास बसमध्ये डुलत काढत होती, कुणी खिडकीला डोकं टेकून झोपत होती, कुणी ओकत होती आणि आमच्या निळ्या अक्षरांत सगळं पस्तीस मिनिटांत बसत होतं. त्यांचे आईबाप परके. त्यांना रस्ता माहीत नाही, भाषा माहीत नाही, विचारायला शेजारी नाही. परक्या गावात माणूस छापील कागदावर विश्वास ठेवतो. आम्ही नेमका त्याचाच फायदा घेत होतो.

मामांनी मात्र आपला उपाय सुरू केला, तो म्हणजे ती सीट झटकणं. ज्याला शाळा निवडायची आहे त्याने आधी एक सकाळ पहिल्या थांब्यापासून बसमध्ये बसायचं. काही पालक बसून बघत आणि तरीही प्रवेश घेत. काही जण परत येत नसत. सर मला विचारत, “ते हरमलचं कुटुंब का आलं नाही?” मी म्हणे, “माहीत नाही सर.”

मग एक बाई आली. युरोपातल्या एका थंड देशातली, मांद्र्याला राहायला आलेली, एकटी. बरोबर सहा वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. घराजवळ एक लहानशी शाळा तिने बघून ठेवली होती, तिथे तलाव नव्हता, मैदानही नव्हतं. दुसरी आमची. तिने माहितीपत्रकावर बोट ठेवून सरांना विचारलं, “हे पस्तीस मिनिटं खरं आहे ना? हिला गाडी लागते.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “येस मॅडम. साधारण.”

बाहेर मामांनी सीट झटकली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी बसमध्ये बसल्या. त्या सकाळी धारगळजवळ रस्त्याच्या रुंदीकरणासाठी एक बाजू बंद होती. एक तास चाळीस मिनिटं लागली. मुलगी दोनदा ओकली, दुसऱ्यांदा मामांच्या पंच्यात. बाई उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुलीला मामांजवळ बसवून ती सरळ ऑफिसात आली, माहितीपत्रक टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “हा वेळ कुणी मोजला?”

मी तिथेच होतो, तिच्यापासून चार हातांवर. मी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

सर म्हणाले, “आमचा ड्रायव्हर जुना आहे. मुद्दाम हळू चालवतो, रस्ताही लांबचा घेतो. आम्ही त्याला समज देऊ.”

बाई निघून गेली. मुलीला तिने त्या लहान शाळेत घातलं, असं नंतर कळलं. पण जाताना तिने सगळा प्रकार परदेशी पालकांच्या मोबाइलवरच्या गटात लिहिला. दुपारपर्यंत सरांना अकरा जणांचे फोन आले.

संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. ड्रायव्हरचा माफीनामा हवा होता, पालकांना पाठवायला. “तू लिही,” ते म्हणाले, “तुझं मराठी चांगलं आहे. तो सही करेल. मग त्याचं इंग्रजी कर.”

मी लिहिलं. साखळीच्या शाळेत निबंधाला मला नेहमी पहिलं बक्षीस मिळे. ‘मी गाडी मुद्दाम सावकाश चालवली व नेमून दिलेला मार्ग सोडला. त्यामुळे शाळेची बदनामी झाली. याबद्दल मी क्षमाप्रार्थी आहे.’ एकही खाडाखोड नव्हती. ज्या शिक्षकांनी मला लिहायला शिकवलं त्यांनी यासाठी शिकवलं नव्हतं.

मामा आले, उभ्यानेच कागद वाचला. मी खाली बघत होतो.

“अक्षर बरां आसा तुजा,” ते म्हणाले.

“मामा, नुसती सही करा. नोकरी राहील. मी सरांशी बोलून—”

“सावकाश चलवलंय ह्यां खरां. पोरां होती भितर. पण रस्तो खंय सोडलंय मी? रस्तो एकच आसा, तू पण मोजलेलो आसस.”

सर आतून म्हणाले, “सही होत नसेल तर उद्यापासून येऊ नका.”

मामा माझ्याकडे बघत थांबले. त्यांना सरांकडून काही नको होतं. ते माझ्या एका वाक्याची वाट बघत होते. सरांनी मला नोकरी दिली होती, आईने साखर ठेवली होती, घरी धाकट्या बहिणीचं कॉलेज चाललं होतं. मामांनी बसची चावी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, “फणसाकडच्या घरातली मोठी पोरगी आज शाळेत इली नाय. ताप आसा तिका. नव्या ड्रायव्हराक सांग, उद्या थंय थांबू नको.” आणि गेले.

नव्या ड्रायव्हरने तोच रस्ता एक तास दहा मिनिटांत मारला. सर खूश झाले. पालक ओरडले, मग गप्प झाले. सवय होते, हे सरांचं म्हणणं खरं निघालं. मलाही झाली. आणखी तीन वर्षं मी त्याच खुर्चीत बसून तेच माहितीपत्रक वाटलं. कृतज्ञता हा मोठा गुण आहे, असं आम्हाला शाळेत शिकवत. कुणाविषयी आणि किती, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

ती नोकरी सोडल्यावर एकदा धीर करून मी मामांच्या गावी गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. मामी अंगणात सोलं वाळत घालत होत्या. मामा नव्हते. आखातात गेले होते. इथे कुणी गाडीवर घेईना, कारण शाळेने त्यांची बदनामी केली होती. पन्नाशी उलटल्यावर एका ओळखीच्या माणसाने त्यांना तिकडे नेलं. काम शाळेच्या बसचंच. कुठल्या कुठल्या देशांची मुलं असतात म्हणे. स्वतः खोलीत आठ जण राहतात. दोन वर्षांत घरी आलेले नाहीत.

मी नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. मामींचा चेहरा उजळला. त्यांनी पदराने खुर्ची पुसली.

“ऑफिसातले ते तुमीच काय? आमचे हे सांगीत, थंय आपलो एक माणूस आसा म्हणान. सगळे उलटले, पण तो पोरगो बरो, असां म्हणत.”

त्यांनी चहा आणला, पोहे आणले. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “आज शुक्रवार मां, सुट्टी आसता तेंका. आता पाच मिनिटांत फोन येतलो. बोलान जावा. खुशी होतली तेंका.”

मी उठलो. म्हणालो, “नको मामी, माझी शेवटची बस चुकेल.”

त्यांनी अडवलं नाही. फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे माझी मोटारसायकल उभी होती, आणि तिच्यावर बसून मला त्यांच्यासमोर ती सुरू करावी लागली.